हॉस्पिटलच्या दारावरून पुढे

माझ्या नवऱ्याला श्वास पुरत नव्हता, गाडीतल्या सिलिंडरचा काटा खाली उतरत होता, आणि मी गाडी हॉस्पिटलच्या दारावरून पुढे न्यायला लावली. पुढे म्हणजे भिंगारला, एका सिस्टरच्या घरी. रविवार होता, ती ड्युटीवर नव्हती, म्हणून.

हा वेडेपणा केला तेव्हा माझं वय त्र्याहत्तर होतं. कान शाबूत, डोकं शाबूत, चष्मा नाकावर. कुणी भरीस घातलं नव्हतं. तुमच्यापैकी कुणाच्या घरात ऑक्सिजनचं मशीन आलं असेल किंवा येणार असेल, त्यांनी हे वाचावं. मला हसलात तरी चालेल. मीही त्या गाडीतल्या माझ्यासारख्या बाईला हसते अधूनमधून. हसू फार वेळ टिकत नाही, इतकंच.

आता पहिल्यापासून सांगते.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. माझ्या नवऱ्याला अख्खं गाव नाना म्हणायचं, मीही नानाच म्हणत आले. नानांची पिठाची गिरणी होती. दिवसभर पिठात उभे राहायचे, संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. लग्न झालं तेव्हा वाटलं होतं, हा माणूस म्हातारा झाल्यावर कसा दिसेल ते मला आधीच दाखवून ठेवलंय.

खोकला सुरू झाला तेव्हा आम्ही तो पिठावर ढकलला. कोरडा खोकला, कफाचं नाव नाही. मग बांधावरून घरी येताना नाना मध्येच थांबायला लागले. का थांबलात विचारलं की म्हणायचे, पीक बघतोय. ज्वारी काढून झाली, कडबा रचून झाला, तरी हे आपले उघड्या रानात पीक बघत उभे.

तेव्हा मी त्यांना पारनेरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, नानांच्या हाताची बोटं उलटीसुलटी करून पाहिली आणि नगरला जायला सांगितलं. पाट्यांवर आता अहिल्यानगर झालंय. आमच्या तोंडातून नगरच येतं.

नगरला एचआरसीटी झाली. एचआरसीटी म्हणजे छातीचे पातळ पातळ काप करावेत तसे फोटो. छातीच्या डॉक्टरांनी ते पडद्यावर लावले. काळ्या जागेच्या कडेकडेनं मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसत होती. मला वाटलं छान नक्षी आहे.

डॉक्टर म्हणाले, "याला इंटरस्टिशियल लंग डिसीज म्हणतात. निरोगी फुप्फुस मऊ असतं, श्वास घेतला की फुगतं. नानांचं आतून निबर होत चाललंय. ते फुगत नाही, म्हणून हवा पुरत नाही."

मी विचारलं, बरं होईल ना. त्यांनी पडद्यावरच्या जाळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "निबर झालेला भाग परत मऊ होत नाही. गोळ्यांनी वेग कमी करता येतो. पण आजार पुढेच जातो."

पिठामुळे झालं का, हेही विचारलं. ते म्हणाले, ठामपणे सांगता येत नाही, पुष्कळदा कारण सापडतच नाही.

नाना इतका वेळ पडद्याकडे बघत होते. ते म्हणाले, "गिरणीचा दगड झिजला की टाकी लावून घेता येती. ह्याला टाकी न्हाई, असंच ना डॉक्टर?"

डॉक्टरांना कळलं नाही. टाकी म्हणजे छिन्नी मारून दगड पुन्हा खरबरीत करणं. मी समजावून सांगितलं. मग डॉक्टर म्हणाले, "नाही नाना, ह्याला टाकी नाही."

निदान झालं ते असं. येताना बसमध्ये नाना खिडकीशी झोपले आणि मी शिदोरी म्हणून आणलेल्या दशम्या पारनेरपर्यंत एकटीनं खाल्ल्या. भूक नव्हती. तोंडाला काहीतरी काम हवं होतं.

पुढच्या थंडीत नानांना जंतुसंसर्ग झाला आणि पहिल्यांदा ॲडमिट करावं लागलं. तिथं आम्हाला साळवे सिस्टर भेटली.

तिशीतली असेल. अंगानं बारीक, चालणं झपझप, बोलणं सावकाश. नानांच्या नाकातली ऑक्सिजनची नळी गालाला घासून कानामागं जखम झाली होती. तिनं तिथं कापसाची घडी ठेवली आणि नानांना विचारलं, आता बरं वाटतं का. तोपर्यंत सगळे मशीनवरचा आकडा बघून जायचे. त्या आकड्याला सॅच्युरेशन म्हणतात. रक्तात किती ऑक्सिजन पोचतोय ते त्यावरून कळतं. बोटाला चिमटा लावून बघतात. हिनं चिमटाही पाहिला आणि कानही पाहिला. मी त्याच क्षणी विरघळले.

मी अशी विरघळते का, ते कळायला माझ्या तरुणपणात डोकवावं लागेल. फार बघण्यासारखं नाही तिथं, पण तरी.

मी पोस्टात काउंटरला होते. मनीऑर्डरचा फॉर्म भरून दे, पत्र वाचून दाखव, कुणाच्या पोराची नोकरीची तारीख बघून सांग, असली कामं. लोक आभार मानायचे, आणि आमच्याकडे आभार रिकाम्या हातानं मानत नाहीत. शेंगा, हुरडा, काकड्या, एकदा तर पाय बांधलेली कोंबडी. मी "नको नको" म्हणायचे. आमच्या भागात "नको" हा बोलण्याच्या सुरुवातीचा शब्द आहे. तीनदा नको म्हणायचं, चौथ्यांदा पिशवी टेबलाखाली सरकवायची. पहिल्याच "नको"ला जो पिशवी उचलून परत नेतो त्याला रीत कळत नाही, आणि पहिल्यांदाच जी घेते ती हावरट. मला रीत चांगली कळत होती. माझ्या टेबलाखाली पाय ठेवायला जागा नसायची.

आणि कुणी "ताई" म्हटलं की मी गेलेच. एकदा मी बाळंतपणाला माहेरी, राजूरकडे, डोंगरात गेले होते. तिथं एक बाबा दोन एसट्या बदलून आला, हातात भोपळा आणि खिशात फॉर्म. म्हणाला, ताई, दुसऱ्या बाईचा हात मला चालत नाही. माझी आई त्याला हाकलायला उठली होती. आणि मी, महामूर्ख, पोर कुशीत, कंबर मोडलेली, उशीला टेकून तो फॉर्म भरून दिला. वर आठवडाभर मिरवलं, बघा माझ्याशिवाय लोकांचं पान हलत नाही.

नाना तेव्हा म्हणाले होते की तुझं पोस्ट आता बाळंतिणीच्या खोलीत हलवू. मला ते कौतुक वाटलं.

तर माझा सगळा हिशेब असा होता. माणसाला नात्यात ओढलं की ते आपलं होतं. आपलं झालं की ते आपल्यासाठी जास्तीचं करतं. मी केलं होतं, म्हणजे सगळेच करतात.

नानांना घरी सोडायचं ठरलं त्या सकाळी मी दत्ताकडून, म्हणजे आमच्या पुतण्याकडून, नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी मागवली. साळवे सिस्टरची ओटी भरायची. मला मुलगा आहे, पुण्यात असतो. मुलगी नाही. नानांच्या कानामागं कापूस ठेवणारी कुणीतरी असावी असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर आणखीही काही वाटत होतं. डॉक्टर म्हणतात आजार पुढेच जातो. पण घरातली लेक आतून काहीतरी करेल, कुणाला तरी सांगेल, आमच्यासाठी एखादी वेगळी वाट काढेल. आभार मानत होते मी, पण हात पुढे केलेला होता.

ओटी भरायला पदर लागतो. हिच्या अंगावर निळा सदरा आणि पँट. मी नारळ घेऊन उभी, ती माझ्याकडे बघत उभी. आजूबाजूच्या दोन सिस्टरी तोंड दाबून हसत होत्या. साळवे सिस्टर ख्रिश्चन, तिच्या घरात ही रीत असेल-नसेल. तिनं इकडंतिकडं पाहिलं, कपाटातून एक धुतलेला स्टीलचा ट्रे काढला, इंजेक्शनं ठेवतात तसला, आणि दोन्ही हातांनी पुढं धरला.

"यात द्या आजी."

मी ट्रेची ओटी भरली. कुंकू लावायला गेले तर तिनं कपाळ पुढं केलं. मी म्हणाले, आजपासून तू आमची लेक.

तिनं खण उचलून माझ्या हातात परत ठेवला. म्हणाली, "वस्तू घेता येत नाही आजी, नियम आहे. नारळ फोडून सगळ्या वॉर्डाला देते, नानांच्या नावानं. तुम्ही एवढं मनात ठेवलंत ते पोचलं मला." मग नानांच्या खाटेशी गेली, त्यांना नीट ऐकू जाईल असं वाकून बोलली. "नाना, परत धाप वाढली तर सरळ कॅज्युअल्टीत यायचं. मी असेन, नसेन. तिथं कायम कुणीतरी असतं."

कॅज्युअल्टी म्हणजे तातडीचा विभाग, हॉस्पिटलच्या दारातच असतो.

किती गोड बोलली. आणि मी ऐकलं काय? मी ऐकलं पहिलं "नको". अजून दोनदा म्हणायचं बाकी आहे, मग होईलच आपली. खण मी पिशवीत जपून ठेवला, पुढच्या खेपेला.

घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आलं. हे मशीन खोलीतल्याच हवेतला ऑक्सिजन गोळा करून नळीतून देतं. सिलिंडर सारखा बदलावा लागत नाही, पण वीज लागते. आणि आवाज करतं. गिरणी बंद पडलेल्या घरात दिवसरात्र घरघर परत सुरू झाली. नाना म्हणायचे, आता दळण मीच हाय.

बाहेर न्यायचं झालं तर एक छोटा सिलिंडर. त्यावर घड्याळासारखी तबकडी, तीत काटा.

उन्हाळ्यापर्यंत नाना खाटेपासून न्हाणीघरापर्यंत जाऊ शकत होते. मग दारापर्यंत. मग उठून बसेपर्यंत. मी रोज त्यांच्या बोटाला चिमटा लावायचे आणि आकडा बघून खोटं सांगायचे. ते माझं तोंड बघून खरा आकडा ओळखायचे.

एका रात्री ते म्हणाले, "घशात नळी घालून मला ठिवू नका. जितका येतोय तितकाच श्वास पुरं." मी त्यांना गप्प बसवलं. असलं अभद्र बोलू नका म्हणाले. वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते, तुमचं माणूस असं बोलायला लागलं तर त्याला बोलू द्या. मुलांना जवळ बोलवा आणि सगळ्यांनी ऐका. मी ते एकटीनं ऐकलं आणि तेही अर्धंच.

तो रविवार आला. सकाळी नानांचे ओठ जांभळट दिसले. मशीन पूर्ण वाढवलं तरी आकडा चढेना. दत्तानं गाडी काढली. सिलिंडर लावला, नानांना मागच्या सीटवर माझ्या अंगावर रेलून बसवलं.

पुणे रस्त्यानं नगरात शिरलं की आमचं हॉस्पिटल आधी लागतं. भिंगार पार पलीकडे. हॉस्पिटल जवळ यायला लागलं तसं माझ्या डोक्यात एकच. आज रविवार. साळवे सिस्टर रविवारी नसते. तिथं कुणी नवीन पोरगी असणार, ती आकडा बघून जाणार, नानांचा कान कोण बघणार?

तिचा पत्ता मला माहीत होता. तिनं दिला नव्हता. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको भिंगारची होती. चर्चमागची गल्ली, निळं फाटक. पोस्टात आयुष्य काढलेल्या बाईला पत्ता काढायला दोन चहा पुरतात.

मी दत्ताला म्हणाले, भिंगारला घे. आधी लेकीला दाखवू, तिला बरोबर घेऊन येऊ.

दत्ता म्हणाला, "काकू, दवाखाना ह्यो काय समोर हाय. येड लागलं का तुमाला?"

मी त्याच्यावर डाफरले. मी काकू आहे, त्याला लहानाचा मोठा केलाय, तो काय बोलणार. गाडी दारावरून पुढे गेली. नानांनी काचेवर बोटानं टकटक केलं. बोलायला त्यांच्याकडे हवा नव्हती. मी त्यांचा हात काचेवरून काढून माझ्या हातात घेतला आणि म्हणाले, थांबा हो, आलंच लेकीचं घर.

ती टकटक मला अजून ऐकू येते. बाकी सगळं मी चेष्टेत सांगू शकते.

भिंगारात लष्कराच्या हद्दीतला एक रस्ता बंद होता. वळसा पडला. गल्लीत एक टेम्पो आडवा उभा, त्याचा मालक सापडेना. दत्ता हॉर्न वाजवत होता. मी तबकडीकडे बघितलं तर काटा तांबड्या पट्ट्यात गेलेला.

निळं फाटक सापडलं. साळवे सिस्टर ओट्यावर बसून आपल्या मुलीच्या डोक्याला तेल लावत होती. अंगात घरातला गाऊन, हात कोपरापर्यंत तेलकट. मला बघून तिला क्षणभर कळेचना. मी म्हणाले, बाळा, नानांना आणलंय.

ती तशीच धावत गाडीपाशी आली. दार उघडून नानांची नखं पाहिली, ओठ पाहिले, तबकडी पाहिली. तिचा चेहरा मी तोपर्यंत कधी तसा बघितला नव्हता.

"आजी, माझ्या घरात ऑक्सिजन नाही. गाडी वळवा."

दत्ता म्हणाला, सिस्टर, बसा गाडीत, तुम्ही असला की बरं. मीही तिचा हात धरला. तेलानं माझा हात निसटला.

"माझ्यामुळे एक मिनिट थांबू नका. मी तिथं येऊन जे करणार, ते तिथली सिस्टर आत्ता करेल. दादा, तुम्ही निघा."

आणि तिनं स्वतःच गाडीचं दार लावलं.

वळताना मी मागच्या काचेतून पाहिलं. ती फाटकात उभी होती, एका हाताने फोन कानाला लावत. मुलगी अर्ध्या वेणीनं तिच्या पायाशी. सासू असेल बहुतेक, दारातून आमच्या गाडीकडे बघत होती. माझ्या मनात एवढंच आलं की ही बसली नाही. लेक म्हणवून घेतलं, कुंकू लावून घेतलं, आणि बसली नाही.

वाटेतच सिलिंडर रिकामा झाला. हॉस्पिटल येईपर्यंत नाना माझ्या खांद्यावर होते, पण डोळ्यांनी कुठंतरी लांब बघत होते. दारात स्ट्रेचर उभं होतं. त्यावर ऑक्सिजन लावून तयार, दोन माणसं, एक सिस्टर. गाडी थांबायच्या आत त्यांनी नानांना उचललं. मला वाटलं, वा, नशीब आपलं, नेमकं रिकामं स्ट्रेचर मिळालं.

आयसीयूत त्यांना बायपॅप लावलं. बायपॅप म्हणजे नाकातोंडावर घट्ट बसवलेला मुखवटा, मशीन त्यातून जोरानं हवा आत ढकलतं. माणूस त्यात बोलू शकत नाही, खाऊ शकत नाही. नानांच्या डोळ्यांतून पाणी यायचं ते मुखवट्याच्या कडेला साठायचं. ते पुसायला मला दिवसातून दोनदा आत सोडायचे.

डॉक्टर म्हणाले, "याला ॲक्यूट एक्झॅसर्बेशन म्हणतात. म्हणजे आजार हळूहळू चालला होता, तो अचानक उसळला. यातून बाहेर येणं अवघड असतं."

बाहेरच्या बाकावर मी साळवे सिस्टरचा उद्धार करत बसले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. निळा ड्रेस काढून खुंटीला लावतात, त्याबरोबर माया पण लावून ठेवतात, असं म्हणाले. शब्द जमले म्हणून दोनदा म्हणाले. पुण्याहून मुलगा आला त्याला सांगितलं, सूनबाईला फोनवर सांगितलं. बाकावरच्या बायका हळहळल्या. कुणीतरी माझ्या बाजूनं आहे, याचा तेवढाच आधार.

सोमवारी साळवे सिस्टर ड्युटीवर आली; माणसं कमी म्हणून तिला आयसीयूत लावलं होतं, रात्रपाळीही धरून. मी तोंड फिरवलं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि विचारलं, रात्री कुठं झोपलात, रक्तदाबाची गोळी घेतली का. भिंगारचा विषय नाही, राग नाही, घरी कशाला आलात असंही नाही. तिनं मुलाला विचारून घेतलं आणि कामाला गेली.

दुपारी आयसीयूची दुसरी एक सिस्टर मुलाशी बोलताना सहज म्हणाली की साळवेनं घरून फोन करून सगळं सांगितलं होतं, नाव, आजार, नखं निळी आहेत हेसुद्धा, म्हणून दारात तयारी होती. ती गाडीत बसली असती तर नानांना सांभाळता सांभाळता फोनवर धड कशी बोलली असती, मुलगा मला म्हणाला. तो फार हळू बोलला. माझी सगळी बाकावरची भाषणं त्यानं ऐकलेली होती.

मी लाजले का? लाजायला जागा नव्हती उरलेली.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बसवलं. बायपॅपवर भागत नाही, आता व्हेंटिलेटरचा निर्णय घ्यावा लागेल. व्हेंटिलेटर म्हणजे घशातून नळी घालून मशीननं श्वास देणं. ते म्हणाले, "नळी घातली तर ती पुन्हा काढता येईल याची शक्यता फार कमी आहे. नाही घातली तर आम्ही त्यांना त्रास कमी होईल अशी औषधं देऊ. तुम्ही घरचे बोला आणि सांगा."

मुलगा रडत होता. तो म्हणाला, आई, तू सांगशील ते.

मी उठून सिस्टरच्या टेबलापाशी गेले. सगळेच जण असं करतात, तुम्हीही कराल. आदल्या दिवशी जिला शिव्या घातल्या तिलाच विचारलं. तुझे वडील असते तर तू काय केलं असतंस?

तिनं हातातलं इंजेक्शन बाजूला ठेवलं.

"माझे वडील वेगळे होते आजी. त्यांचं मला माहीत होतं. नानांचं तुम्हाला माहीत आहे. ते कधी काही बोलले होते का?"

मी तिथंच उभ्या उभ्या सांगितलं. नळी घालून ठेवू नका म्हणाले होते, आणि मी त्यांना गप्प केलं होतं. ती म्हणाली, हे मला सांगून चालणार नाही, आत जाऊन मुलाला आणि डॉक्टरांना सांगा, अगदी त्यांच्या शब्दांत. मग तिनंच डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडून धरलं.

नळी घातली नाही. पहाटे नाना गेले. मुखवटा काढल्यावर गालांवर त्याचे वळ होते. साळवे सिस्टरनं ते वळ ओल्या कापडानं पुसले, जणू काही पुसले जाणार होते, आणि मला त्यांच्याजवळ सोडून पडदा ओढून घेतला.

घरी आलो. मशीन बंद केलं. मला वाटलं होतं, घरघर थांबली की झोप येईल. आता शांततेमुळेच मला जाग येते. गिरणीचं कुलूप गंजलंय. मुलगा पुण्याला चल म्हणतो. तिथं जाऊन मी दुसऱ्या कुणाच्या खिडकीत बसून नानांना विसरू का? मी इथंच बरी. बरी म्हणजे, इथं वाईट असायला कुणाची हरकत नाही.

लोक विचारतात, आता कसं वाटतं. मी काहीतरी गमतीचं सांगते, ते हसतात आणि जातात. ते गेले की काचेवर टकटक.

हे मी का लिहिलं ते सांगते. तुम्ही हॉस्पिटलात असाल तर सिस्टरचे आभार माना, मनापासून माना. तिनं खण परत केला तर तो घरी घेऊन जा, पुढच्या खेपेसाठी जपून ठेवू नका. ती "नको" म्हणाली तर ते पहिलंच "नको" आहे आणि शेवटचंही. ती तुमची कुणी झाली नाही म्हणूनच तुमच्या माणसाचा कान बघायला तिला वेळ होता. आणि धाप लागली की जिथं ऑक्सिजन आहे तिथं जा. एवढं मला त्र्याहत्तराव्या वर्षी, नवरा गमावून, समजलं. समजून आता उपयोग कुणाला, तुम्हालाच.

दिवस घातल्यानंतर मी एकदा हॉस्पिटलात गेले. उरलेल्या महागाच्या गोळ्या कुणा गरजूला देता येतील का, हे विचारायचं निमित्त. साळवे सिस्टरची ड्युटी संपली होती, पर्स खांद्याला लावून ती निघालीच होती. तिनं गोळ्यांबद्दल कुठं विचारायचं ते सांगितलं. मी आभार मानले, भिंगारच्या रविवारबद्दल माफीही मागितली. तिनं मान हलवली, बस एवढंच.

मग मी जे विचारायला आले होते ते विचारलं. त्या दिवशी मी गाडी दारातच थांबवली असती, तर नाना वाचले असते का?

वॉर्डातलं कुणीतरी तिला हाक मारत होतं, तिनं हातानंच थांब म्हणून खूण केली. मग डॉक्टरांच्या खोलीकडे बघत म्हणाली,

"आजी, ह्याचं उत्तर मी द्यायचं नसतं, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगितलं तर ते तुम्ही आयुष्यभर धरून बसाल. डॉक्टर आत आहेत, त्यांनाच विचारा. ते खरं सांगतील. तुम्ही बाहेर येईपर्यंत मी इथं बाकावर बसते."